जैव-डिझेल : त्याचे लाभ आणि त्याच्या अटी

मनुष्याच्या संस्कृतीचा इतिहास हा एका दृष्टीनें त्याच्या इंधनाचा इतिहास होय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. लाकूड व गोवऱ्या यांवर त्यानें हजारों वर्षें काढलीं. पुढें दगडी कोळशावर वाफेचें यंत्र चालूं लागलें. आणि त्यानंतर भूगर्भांतील खनिज तेलानें सर्व जगाची गति पालटून टाकली. आज आपल्या गांवीं येणारी एस्. टी., बाजारांत भाजीपाला आणणारी मालमोटार, शेतांतील ट्रॅक्टर, समुद्रांत मासेमारीस जाणारी यांत्रिक होडी, हीं बहुतेक सर्व डिझेल तेलावर चालतात. या डिझेलच्या जागीं वनस्पतींच्या तेलापासून अथवा प्राण्यांच्या चरबीपासून बनविलेलें दुसरें एक इंधन वापरतां येतें. त्यास जैव-डिझेल असें म्हणतात. तें कसें तयार होतें, त्यापासून कोणते लाभ होतात, आणि ते लाभ कोणत्या अटींवर खरे ठरतात, याचें थोडक्यांत विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्याच्या नांवानें हें तेल ओळखलें जातें तो रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता १८५८ सालीं पॅरिस शहरीं जन्मला. त्यानें शोधून काढलेल्या यंत्राची युक्ति मोठी चमत्कारिक आहे. पेट्रोलच्या यंत्रांत इंधन व हवा यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या यंत्रांत ठिणगीची योजनाच नसते. नळकांड्यांतील हवा दट्ट्याच्या जोरानें तिच्या मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक तापतें, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. तोच प्रकार येथें फार मोठ्या प्रमाणावर होऊन हवेचें उष्णतामान ५०० सेंटिग्रेड अंशांच्याहि वर जातें; आणि अशा तप्त हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें आपोआप पेट घेतें. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, या यंत्रास अमुकच तेल पाहिजे असा हट्ट नाहीं. जें तेल बारीक फवाऱ्याच्या रूपानें आंत जाईल आणि त्या उष्णतेंत स्वच्छ जळेल, तें त्यास चालतें.

दरवर्षीं १० ऑगस्ट हा दिवस जागतिक जैवइंधन-दिन म्हणून पाळतात; कारण १८९३ सालीं त्या तारखेस जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें डिझेलच्या यंत्राची पहिली चाचणी झाली. त्या दिवशीं तें यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविलें, अशी हकीकत पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळते. परंतु ती बरोबर नाहीं. भुईमुगाच्या तेलाची गोष्ट सात वर्षांनंतरची आहे. १९०० सालीं पॅरिस येथें जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांत ऑटो कंपनीनें एक लहानसें डिझेल यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें. आफ्रिकेंतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक होई. तेव्हां तेथील यंत्रें तेथल्याच तेलावर चालवितां आलीं तर पहावीं, अशी फ्रेंच सरकारची इच्छा होती. हें यंत्र इतकें सुरळीत चाललें कीं, त्यांत निराळें तेल घातलें आहे हें फारच थोड्या प्रेक्षकांच्या लक्षांत आलें. स्वतः डिझेलनें पुढें १९१२ सालीं या प्रयोगाची आठवण सांगून, आज क्षुल्लक वाटणाऱ्या या तेलांस कालांतरानें मोठें महत्त्व येईल, असा अभिप्राय व्यक्त केला होता. दुसऱ्याच वर्षीं, १९१३ च्या सप्टेंबरांत, इंग्लंडला जात असतां आगबोटीवरून तो नाहींसा झाला व समुद्रांतच त्याचा अंत झाला.

मग हें तेल मागें कां पडलें? याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, खनिज तेल स्वस्त व विपुल मिळूं लागलें. दुसरें कारण यंत्राच्या प्रकृतीचें आहे. घाण्यांतून काढलेलें तेल डिझेलपेक्षां सुमारें दहा पटींनीं अधिक चिकट असतें. त्याचा फवारा बारीक होत नाहीं. थेंब मोठे राहतात व ते अर्धवट जळतात. फवाऱ्याच्या तोंडाशीं काजळी सांचते आणि कांहीं काळानें यंत्र बंद पडतें. लहानशा प्रदर्शनांत जें साधलें, तें रोजच्या राबणुकींत साधेना. ही अडचण ब्रसेल्स विद्यापीठांतील शाव्हान या बेल्जियन संशोधकानें दूर केली. तेलावर मद्यार्काची क्रिया करून तें पातळ करण्याच्या कृतीचें पेटंट त्यानें १९३७ सालीं घेतलें. आणि १९३८ सालीं ब्रसेल्स व लूव्हें या दोन शहरांमध्यें धांवणारी एक प्रवासी मोटार, अशा रीतीनें पातळ केलेल्या पाम तेलावर चालविण्यांत आली. आज ज्यास आपण जैव-डिझेल म्हणतों, तें हेंच.

ही कृति समजण्यास आपल्या नित्याच्या साबणाचा दाखला घेणें सोयीचें होईल. तेलाच्या प्रत्येक रेणूंत ग्लिसरीनचा एक लहानसा कणा असून, त्यास स्निग्ध आम्लांच्या तीन लांब सांखळ्या जोडलेल्या असतात. या त्रिकुटामुळेंच तेल जड व चिकट होतें. साबण करतांना तेलांत कॉस्टिक सोड्याचें पाणी घालतात. सोडा त्या तिन्ही सांखळ्या तोडून घेतो, त्यांचा साबण बनतो व ग्लिसरीन मोकळें होतें. जैव-डिझेल करतांना पाण्याच्या ऐवजीं मिथेनॉल नांवाचा मद्यार्क घेतात, आणि सोडा अगदीं थोडा, केवळ क्रियेस चालना देण्यापुरता वापरतात. मिश्रण सुमारें ६० अंशांपर्यंत तापवून ढवळीत राहिलें असतां तिन्ही सांखळ्या ग्लिसरीनपासून सुटतात, आणि प्रत्येकीस मिथेनॉलचा एक एक अंश जाऊन चिकटतो. मग तें मिश्रण स्वस्थ ठेवलें कीं जड ग्लिसरीन तळाशीं बसतें व वर सोनेरी रंगाचें पातळ जैव-डिझेल तरंगतें. तें धुवून व वाळवून स्वच्छ करतात. साधारण हिशेब असा कीं, १०० किलो तेल व सुमारें १० किलो मिथेनॉल यांपासून १०० किलो जैव-डिझेल व १० किलो ग्लिसरीन हातीं येतें. तेलांत पाणी राहिलें किंवा तें फार खवट असलें, तर मात्र डिझेलच्या ऐवजीं साबणाचा फेंसच हातीं लागतो. म्हणून तेल आधीं शुद्ध करून घ्यावें लागतें. मिथेनॉल हें विषारी व अतिशय ज्वालाग्राही द्रव्य आहे. तेव्हां हा प्रयोग कोणीं घरीं करूं नये, हें आमच्या उत्साही बालमित्रांस आवर्जून सांगणें अवश्य आहे.

आतां लाभांकडे वळूं. पहिला व सर्वांस प्रत्यक्ष जाणवणारा लाभ धुराचा आहे. डिझेलच्या काळ्या धुरांत काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. जैव-डिझेलमध्यें वजनाच्या सुमारें ११ टक्के प्राणवायु मुळांतच असल्यामुळें तें अधिक पूर्णपणें जळतें. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें २००२ सालीं अनेक चाचण्यांचें सार काढलें; त्यांत जड मोटारींच्या यंत्रांत निव्वळ जैव-डिझेल वापरल्यास काजळीचे कण सुमारें ४७ टक्क्यांनीं, विषारी कार्बन मोनॉक्साइड सुमारें ४८ टक्क्यांनीं व न जळलेले हायड्रोकार्बन सुमारें ६७ टक्क्यांनीं कमी होतात, असें दिसून आलें. शेंकडा २० या प्रमाणांत मिसळल्यास काजळीची घट सुमारें १० टक्के होते. हीं यंत्रें त्या काळचीं होतीं. हल्लींच्या नव्या मोटारींस धूर गाळण्याचीं साधनें असल्यामुळें त्यांत हा फरक इतका मोठा दिसणार नाहीं. परंतु जुनीं जनित्रें, पाण्याचे पंप, होड्या व ट्रॅक्टर यांच्या बाबतींत हा लाभ फार मोलाचा आहे. आणि त्यांच्याच धुरांत आपले शेतकरी, कोळी व कामकरी बांधव दिवसाचे अनेक तास घालवितात.

दुसरा लाभ यंत्राचा. खनिज डिझेलमधील गंधक जळून त्याचे विषारी वायु होतात, म्हणून आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून डिझेलमध्यें दर दहा लक्ष भागांत गंधकाचे १० भागांपेक्षां अधिक असूं नयेत असा नियम झाला आहे. परंतु गंधक काढून टाकण्याच्या क्रियेंत डिझेलचा नैसर्गिक वंगणाचा गुणहि कमी होतो व यंत्राचे भाग झिजण्याचा संभव असतो. जैव-डिझेलमध्यें गंधक जवळ जवळ नसतेंच, शिवाय वंगणाचा गुण उत्तम. शेंकडा दोन इतकें जैव-डिझेल मिसळलें तरी ही उणीव भरून निघते. थोड्या प्रमाणांत मिसळलेलें हें इंधन चालत्या यंत्रांत कांहीं एक फेरफार न करितां वापरतां येतें, ही सोय लहान नव्हे. आपल्या रेल्वेनें ३१ डिसेंबर २००२ रोजीं दिल्ली ते अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस शेंकडा ५ जैव-डिझेल मिसळून यशस्वी रीतीनें चालवून पाहिली होती.

तिसरा लाभ सुरक्षिततेचा. प्रमाणित जैव-डिझेल सेंटिग्रेडच्या १०० अंशांच्या पुढें तापल्याखेरीज त्याची वाफ ठिणगीनें पेट घेत नाहीं. साध्या डिझेलची वाफ याच्या पुष्कळ खालींच पेटते. म्हणून हें इंधन सांठविण्यांत व वाहून नेण्यांत आगीचें भय कमी. तसेंच तें चुकून पाण्यांत वा मातींत सांडलें तर जीवजंतु त्याचा फडशा खनिज तेलापेक्षां पुष्कळ लवकर पाडतात.

चौथा लाभ सर्व पृथ्वीच्या हिताचा आहे. खनिज तेलांतील कार्बन कोट्यवधि वर्षांपूर्वीं जमिनींत गाडला गेलेला होता. तो जाळल्यानें वातावरणांत नव्यानें भर पडते व पृथ्वीचें उष्णतामान वाढतें. वनस्पतींच्या तेलांतील कार्बन मात्र झाडानें अलीकडेच हवेंतून घेतलेला असतो. तो जाळल्यानें हवेचें ऋण हवेस परत दिल्यासारखें होतें. तथापि नांगरट, खतें, कारखाना व वाहतूक यांसहि खनिज इंधन लागतेंच. अमेरिकेंत १९९८ सालीं हा सर्व हिशेब मांडून असें काढण्यांत आलें कीं, सोयाबीनच्या जैव-डिझेलमुळें कर्बवायूची निव्वळ घट सुमारें ७८ टक्के होते, आणि खनिज इंधनाची एक भाग शक्ति खर्च केली असतां ३·२ भाग शक्ति पदरांत पडते. मात्र रान तोडून नवी जमीन लागवडीस आणल्यास काय होईल, हें त्या हिशेबांत धरलेलें नव्हतें. या मुद्द्याकडे पुढें यावयाचें आहे.

पांचवा लाभ आपल्या देशाच्या तिजोरीचा. आपणांस लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक परदेशांतून विकत आणावें लागतें. जें इंधन स्वदेशांत होईल, त्याचा पैसा स्वदेशांतच राहील व त्याचा कांहीं अंश खेड्यांपर्यंत पोंचेल, हें उघड आहे.

येथवर जैव-डिझेलची एक बाजू झाली. परंतु वस्तूचे गुण सांगून दोष झांकणें हें सत्यशोधकाचें काम नव्हे. जैव-डिझेलच्या धुरांत नायट्रोजनचे विषारी वायु किंचित् अधिक असूं शकतात. उपर्युक्त अमेरिकन अहवालांत ही वाढ निव्वळ जैव-डिझेलच्या बाबतींत सुमारें १० टक्के दाखविली आहे. लिटरमागें मिळणारी शक्तिहि थोडी कमी असते. थंडींत तें लवकर गोठूं लागतें. जुन्या यंत्रांतील रबराच्या नळ्या त्यानें फुगतात, आणि टांकींत सांचलेला जुना मळ सुटून गाळणी तुंबते. फार दिवस ठेविल्यास तेलासारखेंच तें खवट होतें. हे दोष काळजीनें व योग्य मिश्रणानें आटोक्यांत येतात. खरा व मोठा प्रश्न निराळाच आहे. तो असा कीं, हें तेल आणावयाचें कोठून?

थोडें अंकगणित करून पाहूं. आपल्या देशांत वर्षास सुमारें ९ कोटि टन डिझेल लागतें. खाण्याचें तेल सर्व मिळून सुमारें अडीच कोटि टन लागतें, आणि त्यांतलेंहि निम्म्याहून अधिक बाहेरून येतें. म्हणजे उद्यां सर्व देशानें फोडणी व तळण वर्ज्य करून सगळें गोडें तेल मोटारींस पाजलें, तरी डिझेलची गरज चौथाईहून फारशी भागावयाची नाहीं! गरिबाच्या ताटांतील तेल काढून श्रीमंताच्या गाडींत ओतणें हा धर्म नव्हे, आणि व्यवहारहि नव्हे. इंडोनेशियांत पाम तेलाचें जैव-डिझेल फार मोठ्या प्रमाणावर वापरतात. परंतु पामच्या मळ्यांसाठीं तेथील पुष्कळ घनदाट अरण्यें तोडलीं गेलीं व दलदलीच्या जमिनी कोरड्या केल्या गेल्या. अशा जमिनींत सांठलेला कार्बन मोकळा झाला म्हणजे मिळविलेला लाभ धुवून जातो. याच कारणास्तव युरोपीय संघानें पाम तेलाच्या जैव-डिझेलचा वापर २०३० पर्यंत क्रमाक्रमानें बंद करण्याचें २०१९ सालीं ठरविलें.

आपल्याकडेहि एक धडा मिळालेला आहे. २००३ सालीं नियोजन मंडळाच्या समितीनें मोगली एरंडाची लागवड करून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्यें शेंकडा २० जैव-डिझेल मिसळावें, अशी योजना सुचविली. हें झुडूप खडकाळ, पडीक जमिनींतहि वाढतें, त्यास गुरें तोंड लावीत नाहींत, व त्याचें तेल विषारी असल्यानें खाण्याशीं स्पर्धा नाहीं, अशी त्याची ख्याति झाली. पण जगणें वेगळें आणि फळणें वेगळें. पाणी व खत यांवांचून बिया फारच थोड्या येऊं लागल्या. अनेक शेतकऱ्यांचा हिरमोड झाला, आणि तें ध्येय गांठतां आलें नाहीं. पुढें २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानें २०३० पर्यंत शेंकडा ५ हें बेताचें ध्येय ठेविलें. तेंहि सुमारें ४५ लक्ष टन होतें, म्हणजे लहान नव्हे.

मग हें तेल कोठून मिळेल? एक मार्ग आपल्या जुन्या ओळखीच्या झाडांचा. ओढ्याकांठीं व रस्त्याच्या कडेला सांवली देणारा करंज आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या बियांत वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकें तेल असतें. हें करंजेल कडू असल्यामुळें खाण्यांत येत नाहीं, पूर्वीं तें दिव्यांत जाळीत. झाड फळास येण्यास कांहीं वर्षें लागतात. परंतु त्याच्या मुळ्या जमिनीचा कस वाढवितात व पेंड उत्तम खत होते. कोंकणच्या किनाऱ्यावरील उंडीचें तेलहि याच जातीचें कडू तेल होय. बांधावर, रस्त्याच्या कडेस, गायरानाच्या कुंपणास अशीं झाडें लावल्यास धान्याची जमीन अडत नाहीं. सर्व देशाची गरज यानें भागणार नाहीं हें खरें. पण एखाद्या गांवाचे पंप चालण्यास हातभार लागेल.

दुसरा मार्ग तर आपल्या स्वयंपाकघरांतूनच जातो. तळून तळून काळें झालेलें तेल पुनःपुन्हां वापरणें प्रकृतीस घातक आहे. त्यांत बिघडलेले घटक सांचत जातात. त्यांचें प्रमाण शेंकडा २५ हून अधिक झालें असतां तें तेल खाण्यास वापरूं नये, असा नियम आपल्या देशांत १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असें तेल गटारांत ओतलें तर नळ तुंबतात व पाणी नासतें. आणि कोणी तें स्वस्तांत विकत घेऊन पुन्हां खाद्यपदार्थांत वापरलें, तर गरिबाच्या पोटांत जातें. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें १० ऑगस्ट २०१८ रोजीं, म्हणजे जैवइंधन-दिनींच, वापरलेलें तेल गोळा करून त्याचें जैव-डिझेल करण्याची मोहीम सुरू केली. या मार्गांत नवी जमीन लागत नाहीं, कोणाचा घांस जात नाहीं, रान तुटत नाहीं. उलट एकाच उपायानें पोट, पाणी व हवा या तिहींचें रक्षण होतें.

सारांश, जैव-डिझेलची योग्यता त्याच्या नांवावर नसून तें कशापासून झालें यावर आहे. रान जाळून किंवा कोणाची भाकरी हिरावून केलेलें असेल तर तें खनिज डिझेलहून बरें म्हणतां येणार नाहीं; टाकाऊ तेलापासून अथवा बांधावरच्या कडू बियांपासून केलेलें असेल तर तें निःसंशय बरें. त्यानें सर्व डिझेलची जागा घेतली जाणार नाहीं. पण जितकी घेतली जाईल, तितका धूर, तितकें परावलंबन व तितकी नासाडी कमी होईल.

पालकांस एवढीच विनंति कीं, दिवाळीच्या अथवा नाताळच्या फराळानंतर कढईंत उरलेलें जळकें तेल पुन्हां तळणास घेऊं नये व मोरींतहि ओतूं नये; निवल्यावर गाळून बरणींत भरून ठेवावें, आणि तें गोळा करण्याची व्यवस्था आपल्या गांवांत असेल तर तेथें पोंचवावें. व्यवस्था नसेल तर नगरपालिकेकडे तिची मागणी करावी. विद्यार्थ्यांनीं येत्या पावसाळ्यांत एखादें करंजाचें रोप लावून जोपासावें. पांच भाकरींनीं हजारोंची भूक भागविल्यावर प्रभूनें शिष्यांस उरलेले तुकडे वेंचून घेण्यास सांगितलें, कीं कांहींहि फुकट जाऊं नये, ही कथा आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या हातीं अपार सामर्थ्य होतें, त्यासहि उरलेल्या तुकड्यांची काळजी होती. मग ज्यांच्या हातीं सर्वच मोजकें आहे, त्या आपण ती किती घ्यावी बरें!